आधी भाव सांगा

‘टेबलावरच्या चहाच्या कपाकडे शांतपणे बघा. त्याला काय वाटत असेल? आता लिहा.’

हा सल्ला तुम्हीही कुठेतरी वाचला असेल. कवितेच्या ऑनलाइन वर्गात, रोज एक विषय देणाऱ्या ॲपवर, लाखभर फॉलोअर असलेल्या एखाद्या कवीच्या रीलमध्ये. प्रेरणा म्हणे रोजच्या वस्तूंमध्ये लपलेली असते, फक्त नजर हवी. ऐकायला छान वाटतं. कुणाला नको म्हणवत नाही. माझं म्हणणं असं आहे की या सल्ल्याने मराठी कवितेचं नुकसान चाललंय, आणि त्याहून जास्त नुकसान रोजच्या वस्तूंचं.

कारण ‘रोजच्या वस्तू’ म्हणून आपल्यासमोर येतं ते काय? चहा. पाऊस. खिडकी. आजीची गोधडी. पारिजातक. एसटीची खिडकी (खिडकी दोनदा आली, पण ती तिकडेही दोनदाच येते). जुन्या वहीत सापडलेलं पिंपळपान. महाराष्ट्रात रोज एवढंच घडतं की काय, असं वाटावं. या यादीत गॅसची टाकी नाही, रेशनचं मशीन नाही, ईएमआयचा मेसेज नाही, मिक्सरच्या भांड्याची झिजलेली रबरी रिंग नाही. चहा आहे, पण चहातली साखर नाही.

साखरेचंच घ्या. मी करकंबचा. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचं हे गाव, आजूबाजूला ऊस आणि द्राक्षं. ऊस तुटून कारखान्यात गेला की चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत, असं १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. आमच्याकडे ‘एफआरपी’ हा शब्द पाचवीतल्या पोरालाही माहीत असतो. आता विचार करा, वाट बघण्यावर मराठीत किती कविता आहेत. प्रियकराची, पावसाची, पत्राची. पंधराव्या दिवसाची वाट बघणं कुणाच्या कवितेत आलंय? बँकेचं पासबुक भरायला गेलेला माणूस रिकाम्या ओळीकडे बघत उभा राहतो, हा क्षण रोजचा नाही का? आहे. पण तो ‘सुंदर’ नाही, म्हणून त्यात प्रेरणा सापडत नाही.

मराठीत ‘भाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मनातला आणि एक बाजारातला. आजची वस्तूंवरची कविता पहिल्या भावाने ओसंडून वाहते आणि दुसऱ्याचा तिला पत्ताच नसतो. ज्या वस्तूचा बाजारातला भाव तुम्हाला सांगता येत नाही, तिच्याबद्दलचा मनातला भावही उसना असण्याची शक्यता फार मोठी.

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कार्यशाळेला गेलो होतो. फी अठराशे रुपये. शिकवणाऱ्यांनी मध्ये एक जुना पितळी अडकित्ता ठेवला आणि वीस मिनिटं दिली. आम्ही सोळा जण. बहुतेकांनी आजीवर लिहिलं, दोघा-तिघांनी आजोबांवर, एकीने ‘काळ आपल्याला असाच कातरतो’ असं काहीतरी. अडकित्त्याला हात कुणी लावला नाही. मी तो उचलला, उघडून बघितला, लोखंडी पात्याची धार अंगठ्याने चाचपली, तर मला सांगण्यात आलं, ‘विश्लेषण नको. नुसतं अनुभवा.’

सुपारी न फोडता अडकित्त्याचा अनुभव घ्यायचा म्हणजे काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. सुपारी जोडाच्या खिळ्याजवळ धरली की कट्कन फुटते. टोकाकडे धरली की निसटते आणि पलंगाखाली जाऊन बसते. यात तरफेचा साधा नियम आहे, शाळेच्या विज्ञानातला. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे निदान एक वाक्य आहे, जे उरलेल्या पंधरा जणांकडे नाही. ज्या आजीवर ते लिहीत होते ती आजी हे विश्लेषण दिवसातून चार वेळा करायची. तिने त्याला तसं नाव दिलं नव्हतं, एवढंच.

समजून घेणं आणि वाटणं यांच्यामध्ये ही भिंत कुणी घातली? माझ्यासारख्या इंजिनिअरिंग केलेल्या पोरांना तर ती फारच सोयीची आहे. दिवसभर कोड, रात्री ‘हळवं’ व्हायचं. दिवसा यंत्र, रात्री मन. पण मराठी कवितेची सुरुवातीची शतकं बघितली तर ही भिंत कुठे दिसत नाही. त्यासाठी मला लांब जायला लागत नाही. करकंबहून मोडनिंबच्या बाजूला गेलं की अरण लागतं. सावता माळ्यांचं गाव.

सावता महाराजांचं हल्ली काय झालंय बघा. आषाढात त्यांचा कांदा-मुळ्याचा अभंग फिकट हिरव्या पार्श्वभूमीवर, सुंदर अक्षरात, ‘छोट्या गोष्टींत देव शोधा’ अशा मथळ्याखाली फिरतो. जणू ते तेराव्या शतकातले लाइफ कोच होते. एका सकाळी मळ्यात फिरता फिरता त्यांना मुळा दिसला, आणि सुचलं.

त्या अभंगात भाज्यांबरोबर पाणी काढायचं सामानही आहे. मोट आहे, विहीर आहे आणि नाडा आहे. या नाड्यापाशी जरा थांबू. मोटेला दोर दोन असतात. तोंडाकडचा जाड दोर म्हणजे नाडा, सोंडेकडचा बारीक म्हणजे सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जातो, सोंदूर खालच्या लाकडी रुळावरून. दोघांची लांबी अशी जुळवायची की बैल धावेवरून उतरत असताना भरलेली मोट वर येईल, पण सोंड दुमडलेली राहील. आणि मोट थारोळ्यापाशी पोचली की सोंड पुढे ओढली जाऊन पाणी आपोआप ओतलं जाईल. माणसाने हात न लावता. लांबी चुकली तर सगळं पाणी परत विहिरीत. मी रोज जे काम करतो त्यात याला आम्ही टायमिंगचा प्रश्न म्हणतो आणि त्यावर मीटिंगा घेतो. हे ज्याने रोज केलं, त्याच्या तोंडी ‘नाडा’ हा शब्द आला. बांधावर उभं राहून मळ्याकडे नुसतं बघणाऱ्याला ‘दोर’ दिसतो. फार तर ‘रज्जू’ सुचतो.

दुसरं म्हणजे, तो अभंग शांत, समाधानी वगैरे अजिबात नाही. ते भांडण आहे. पंढरपूर एवढं जवळ असताना हा माणूस वारीला का जात नाही, या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे ते. मळ्याला आज पाणी द्यायचंय. देवाला यायचं असेल तर त्याने इकडे यावं. परंपरेनेही ते मान्य केलेलं दिसतं, कारण सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि पंढरपूरची पालखी अरणला येते. हे अभंग काशिबा गुरवांनी लिहून घेतले असं सांगतात, आणि त्यांतले सदतीसच आपल्यापर्यंत आलेत. एवढे कमी का, याचं कारण मला तरी उघड दिसतं. माणूस कामात होता.

आणि रोजच्या वस्तू निवडायची मुभा प्रत्येकाला असते हे तरी कुणी सांगितलं? आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला चोखोबा होते. त्यांच्या वाट्याला आलेलं रोजचं काम त्यांनी आवडीने निवडलेलं नव्हतं. १३३८ साली गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून ते गेले. ‘भोवताली बघा, सौंदर्य सापडेल’ हे वाक्य त्या भिंतीशी उभं राहून म्हणून दाखवा.

जात्यावर या सल्ल्याचा सगळ्यात जास्त जीव आहे. जातं, पहाट, घरघर, आई. बरं. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. बर्नार्ड बेल नावाच्या, संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या माणसाने त्या साठवण्याची व्यवस्था उभारली, आणि आज ‘परी’ या संकेतस्थळावर त्या फोनवर ऐकता येतात. ऐका. जात्याचं कौतुक करणाऱ्या ओव्यांपेक्षा भावाच्या, लेकीच्या, सासरच्या, सीतेच्या, पंढरीच्या, आंबेडकरांच्या ओव्या तुम्हाला जास्त भेटतील. जातं हा त्या कवितेचा विषय असायलाच हवा असं नव्हतं. जातं हा तिचा ताल होता. हात एक फेरा घालतो त्याबरोबर ओळ चालते. दगड जड आहे, म्हणून ओळ तेवढीच लांब.

गावात गिरणी आली आणि ओव्या थांबल्या. त्यावर हळहळणाऱ्या कविता मी शेकड्याने वाचल्या आहेत. दळलेल्या बायकांना विचारून बघा, गिरणी आली तेव्हा कसं वाटलं. माझ्या घरातल्या म्हाताऱ्या बायका या प्रश्नावर हसतात. खांदे दुखायचे थांबले. पहाटेची दोन तासांची झोप मिळाली. ज्याने जातं ओढलं नाही त्यालाच ते गेल्याचं इतकं दुःख होतं, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

असंच एक करकंबचं. आमच्या गावची बाजार आमटी प्रसिद्ध आहे. चार-पाच डाळी, काळा मसाला, वर लाल कट, त्यात ज्वारीची कडक भाकरी कुस्करायची. अलीकडे फोन काठीला लावून खाणारे लोक ती शोधत येतात, आणि नंतर तिच्यावर जे लिहिलं जातं त्यात चूल असते, आजी असते, ‘हातची चव’ असते. अहो, नावातच बाजार आहे! आठवडी बाजाराच्या गर्दीतली, मोठ्या पातेल्यात शिजणारी, पैसे मोजून खायची आमटी ती. बाजाराला आलेल्या माणसाची भूक, जवळ असलेली थोडी थोडी डाळ, घरी जायला लागणारा वेळ. तिच्या जन्माची गोष्ट गावात जो तो वेगळी सांगतो, पण प्रत्येकाच्या गोष्टीत बाजार असतोच. आजीला यात ओढून आणायचं कारण काय? कारण आजी आली की कविता तयारच असते. बाजारावर लिहायचं तर तिथे उभं राहावं लागतं.

आता मी ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

आमच्या भागात सकाळी फोन उघडला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पहिलं येतं ते उजनी धरणाचं पाणी. टक्क्यांमध्ये. पावसाळ्यात अधिक, उन्हाळ्यात वजा. हो, वजा. धरण शून्य टक्क्यांवर आलं की रिकामं झालं असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीच्या आसपासचा तळातला साठा धरायचाच नाही, वरचा ५३-५४ तेवढा मोजायचा. वरचा संपला की शून्य. मग तळातलं पाणी घ्यायला सुरुवात झाली की उणे दहा, उणे वीस. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही बरीच खाली गेली होती.

सरकारी कागदात वरच्या पाण्याला जिवंत साठा म्हणतात, म्हणजे उपयुक्त साठा. खालच्याला मृत साठा. या धरणात जिवंतापेक्षा मेलेलं पाणी जास्त आहे, आणि दर दोन-चार वर्षांनी अख्खा जिल्हा त्या मेलेल्या पाण्यावर जगतो. चहाच्या टपरीवर माणसं सहज म्हणतात, ‘अजून उणे चाळीसच आहे की, निघंल उन्हाळा.’ पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. पुण्याहून लोक त्याचे फोटो काढायला येतात. खालच्या अंगाला, कालव्यावर, त्याच आठवड्यात कुणाच्या तरी बागेचं पाणी तुटलेलं असतं.

‘मृत साठा’ हे दोन शब्द कुठल्यातरी पाटबंधारे खात्यातल्या माणसाने कामासाठी केले. त्याला कुणी चहाच्या कपाकडे बघायला सांगितलं नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातली लाखो माणसं हे शब्द रोज बोलतात, उणे आकड्यांत आशा मोजतात, आणि आमच्या वयाच्या कवींच्या रीलमध्ये पाऊस अजून खिडकीच्या काचेवरून ओघळतोय. मला याची चीड येते. गावाकडून शहरात आलेला कवीसुद्धा गावाबद्दल लिहायला बसला की चूल-जातं-गोधडी काढतो, जे त्याने स्वतः कधी वापरलेलं नसतं, आणि उजनीचा मेसेज, जो तो हिंजवडीत बसूनही रोज सकाळी बघतो, तो लपवतो. लपवतो म्हणजे लाजेने नव्हे. त्याला वाटतं, हे कवितेत येत नसतं. आकडे, टक्के, टीएमसी. असं त्याला कुणीतरी शिकवलंय. ‘रोजच्यात प्रेरणा शोधा’ म्हणणाऱ्यांनीच शिकवलंय, स्वतःच्या उदाहरणांनी.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. मग शहरात वाढलेल्यांनी काय लिहायचंच नाही का? ज्याने कधी बैल धरला नाही त्याने गप्प बसायचं? मी असं कुठे म्हणालो? अरुण कोलटकर मुंबईत काळा घोडा परिसरात एका उपाहारगृहाच्या टेबलाशी वर्षानुवर्षं बसले. त्यांच्या ‘काला घोडा पोएम्स’मध्ये, २००४ साली आलेल्या, सायकलचा जुना टायर आहे, भटकं कुत्रं आहे, फुटपाथवर इडली खाणारी माणसं आहेत. व्यवसायाने ते जाहिरातक्षेत्रातले ग्राफिक डिझायनर. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. १९४७च्या ‘काही कविता’मध्ये त्यांनी पिंपात मेलेला उंदीर आणला, तेव्हा तोही रोजचाच होता, पण ‘प्रेरणादायी’ नव्हता. लोक बिथरले. अश्लीलतेचा खटलासुद्धा झाला. नारायण सुर्व्यांनी गिरणी, संप, चाळ आणली. यांतल्या कुणीही वस्तूला विचारलं नाही की बाई, तू मला काय देशील?

शहरातल्या माणसाचं रोजचं कमी आहे असं नाहीच. आमच्या कामात एक ‘डेड लेटर क्यू’ असतो. जे निरोप पुन्हा पुन्हा पाठवूनही पोचत नाहीत, ते फेकायचे नाहीत, या रांगेत ठेवायचे. कुणीतरी कधीतरी उघडून बघेल म्हणून. रात्री अडीचला फोन वाजला की मी ती रांग उघडतो. त्यात कुणाच्या तरी पेन्शनची नोंद असते, कुणाचं तरी परत न गेलेलं चारशे रुपयांचं भाडं. हे मी कवितेत आणलं तर मित्र म्हणतात, फार टेक्निकल झालं. नाडा तरी काय होता?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. माहिती म्हणजे कविता नव्हे. मोटेचं वर्णन करणारं पुस्तक अभंग होत नाही. कबूल. पण त्यावरचा उपाय माहिती टाळणं हा नाही. नेरूदाने आपल्या ओड्समध्ये कांदा, मीठ, मोजे घेतले, आणि आपल्याकडे त्याचं नाव घेऊन लोक कपाकडे बघतात. मला तेवढं लांब जायचं नाही. दौंड तालुक्यात शेती करणाऱ्या कल्पना दुधाळ यांच्या संग्रहाचं नाव आहे ‘सिझर कर म्हणतेय माती’. हे नाव वाचून मला नेहमी वाटतं, दवाखान्याची पायरी चढलेली आणि नांगरलेलं रान बघितलेली बाईच हे म्हणू शकते. दोन्हींपैकी एक जरी नुसतं बाहेरून बघितलेलं असतं, तरी ते पोस्टर झालं असतं.

लिहिणाऱ्या पोरापोरींना मला एवढंच सांगायचंय की ‘याच्याकडे बघून मला काय वाटतं’ हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवा. हे कशाचं बनलंय, कोण दुरुस्त करतं, बिघडतं कुठे, किती रुपयांना मिळतं, विकणाऱ्याला त्यातले किती उरतात, याला इथले लोक काय म्हणतात, हे विचारा. वाटायचं ते वाटेलच. ते कुठे पळून जात नाही.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी करकंबला यायला सांगतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. अरणला जाता येईल, आमटी खाता येईल, पण मुख्य म्हणजे बेदाण्याचं शेड बघता येईल. ऑक्टोबरात फळछाटणी झालेली असते, मग विरळणी, मग डिपिंग, म्हणजे एकेक घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायचा. बुडवणाऱ्या बहुतेक बाया असतात, हात दिवसभर खांद्याच्या वर. बेदाणा करायचा असेल तर तोडलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढतात, म्हणजे सालीवरचं मेण विरघळून आतलं पाणी लवकर निघतं, आणि जाळीच्या रॅकवर पसरतात. रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तेव्हा शेडमध्ये डोळे चुरचुरतात. मग निवडायला बाया बसतात. हिरवा एकीकडे, काळपट एकीकडे, काड्या वेगळ्या. त्यांच्याशेजारी बसा, थोडं निवडू लागा. कोणता दाणा कुठल्या ढिगात का जातो, हे त्या सांगतील. भावही सांगतील, तुमच्या शहरातल्या दुकानात तो किती होतो हेही विचारतील, आणि तुम्ही सांगितलेला आकडा ऐकून एकमेकींकडे बघतील.

चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उरलेलं तीन किलो पाणी शेडमधल्या कोरड्या वाऱ्यावर पंधरा-वीस दिवसांत उडून जातं. अवकाळी पाऊस आला तर जात नाही. रॅकवरच्या मालाला बुरशी लागते. आभाळ भरून आलं की त्या बाया निवडणं थांबवून ताडपत्री ओढायला धावतात, आणि त्या वेळी पावसाबद्दल त्या जे बोलतात ते मी इथे छापू शकत नाही.